पुढचा रविवार

खेळाच्या सामानाच्या दुकानात दिपा गुडघ्याला बांधायचे पट्टे ताणून बघत होती, तेव्हा मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वळून पाहिलं तर मनस्वी. पनवेलच्या मुलींच्या कबड्डी संघातली चढाईपटू आणि काशीराम मास्तरांची भाची. तिच्या दोन्ही कोपरांवर ताजं खरचटलं होतं, वर लाल औषध फासलेलं.

"काल का नाही आलीस गं?" मनस्वीने विचारलं.

"कुठं?"

"कुठं काय? निवड चाचणीला. मामांनी दोनदा कोनच्या पोरींचं नाव पुकारलं. आम्हाला वाटलं, तुमच्या गावात काही झालं की काय."

दिपाच्या हातातला पट्टा तसाच ताणलेला राहिला. "चाचनी पुढच्या रविवारी हाय," ती म्हणाली. "म्हनून तर हे घ्यायला आले."

मनस्वीचा चेहरा पडला. ती हातांनी कोपर झाकू लागली. त्यावरूनच दिपाला सगळं कळलं. तिने पट्टे काउंटरवर टाकले आणि दुकानदार "ताई, दुसरा रंग दाखवू का" म्हणत असताना ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

कोनला, आपल्या गावी, उतरेपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गेल्या गुरुवारी मास्तरांचा फोन आला होता. गावात फोन एकच, किराणा दुकानातला. तेव्हा तिचा भाऊ रूपेश टेम्पो लावून तिथेच चहा पीत होता. फोन त्याने घेतला आणि घरी येऊन सांगितलं, "तुमची चाचनी पुढच्या रविवारी. सकाली आठला, पनवेलच्या मैदानावर." तेवढ्या एका वाक्यावर सात मुली सरावाला लागल्या होत्या. काल सकाळी आठ वाजता, तिकडे त्यांचं नाव पुकारलं जात होतं तेव्हा, दिपा अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

यंदाचं, शहाण्णवचं वर्ष तिच्यासाठी शेवटचं होतं. तीन वर्षं ती जिल्ह्याच्या संघाच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती. आणि वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं, चिरनेरला. सासरच्यांनी बोलणीत सांगितलं होतं की लग्नापर्यंत काय खेळायचं ते खेळू दे पोरीला. पुढचं कुणी बोललं नव्हतं आणि दिपाच्या घरच्यांनी विचारलंही नव्हतं.

रूपेश टेम्पोखाली उताणा पडून काहीतरी पिळत होता. दिपाने त्याचा पाय धरून त्याला बाहेर ओढला.

"मास्तर काय बोलले तुला? शब्द न् शब्द सांग."

"कवा?"

"गुरुवारी! फोनवर!"

"बोलले, पुढच्या रविवारी चाचनी. का, काय झालं?"

"झाली चाचनी. काल झाली."

रूपेश उठून बसला. ऑइलचे हात त्याने विजारीला पुसले. "असं कसं? पुढच्या रविवारी बोलले ते. गुरुवारी बोलले, बरोबर? मंग तीन दिसांवर आलेला तो झाला ह्यो रविवार. त्याच्या पुढला तो पुढचा. आता यात माजी काय चूक?"

"तारीख इचारायची नाय तुला? तोंडात काय फडक्याचा बोला कोंबलेला?"

"तारीख कनाला इचारू? तू इचारलीस का मना? तू पन आयकलंस नि उड्या मारत गेलीस."

हे खरं होतं आणि म्हणूनच ते दिपाला जास्त झोंबलं. तिने तिथलाच पाना उचलला आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर असा आपटला की आवाज ऐकून शेजारपाजारचे अंगणात आले. आई गंगाबाई हातातलं सूप घेऊन धावत बाहेर आली.

झालं काय ते कळल्यावर लोकांनी लगेच चर्चा सुरू केली. एक म्हणे, पुढचा म्हणजे येणारा. दुसरा म्हणे, येणारा तो येता, पुढचा वेगळा. शेजारचे काळूरामकाका ओट्यावर टेकले आणि तंबाखू मळत सांगू लागले, "अरे, माज्या साडूच्या पोराची हळद होती. आमी असंच पुढच्या मंगलवारी, पुढच्या मंगलवारी करत आठ दिस उशिरा गेलो. मांडव उतरवून नेलेला. शिला भात पन नाय भेटला!"

सगळे हसले. रूपेशही हसला. गंगाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

दिपा बघत राहिली. काकांचा एका जेवणाचा भात गेला होता. तिचं काय गेलं होतं ते यांच्यातल्या एकालाही दिसत नव्हतं. तिला वाटलं, आपण मोठ्याने रडलो तर हे थांबतील. पण ती रडली असती तर लोकांनी समजूत घातली असती आणि सगळं तिथेच मिटलं असतं. तिला ते मिटू द्यायचं नव्हतं.

"हसा," ती म्हणाली. "उद्या मी मास्तरांकडं जाते. मंग बघते कोन हसतंय."

मंगळवारी ती एकटीच गेली. काशीराम मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कसरतीचे शिक्षक. मुलींच्या निवडीचं सगळं तेच बघायचे. शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असतील अशी त्यांची ख्याती होती. घराच्या पडवीत ते आणि निवड समितीतले दोघे म्हातारे चहा पीत बसले होते. दिपाने चपलाही काढल्या नाहीत. पायरीवर उभी राहूनच तिने विचारलं, "मास्तर, तुमी माज्या भावाला कंचा रविवार सांगितलात?"

"पुढचा," मास्तर शांतपणे म्हणाले. "आणि तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, तुमची तयारी नाही."

"पुढचा म्हंजे कंचा?"

"जो पुढ्यात येतो तो पुढचा. गेला तो मागचा. यात कळायला अवघड काय आहे? मराठीच बोललो मी."

"मंग ह्यो रविवार म्हंजे कंचा?"

मास्तर थांबले. "हा म्हणजे... तोही तोच."

"दोन शब्द नि रविवार एकच?"

म्हाताऱ्यांपैकी एकाला ठसका लागला. दुसरा म्हणाला, "मास्तर, पोरीने तुमची विकेट काढली!" आणि दोघे हसू लागले. मास्तरही मिशीत हसले. म्हणाले, "बस, चहा घे. होतं असं. माझ्या बायकोचं नि माझं 'परवा' या शब्दावरून तीस वर्षं भांडण चालू आहे."

पुन्हा तेच हसू. दिपाच्या कानशिलातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं.

"तुमचं भांडन घरातलं हाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "पनवेलच्या पोरींना तुमचा शब्द कलला नाय तरी चालतं. त्या दारात आल्या की मैदान दिसतं. फक्कीच्या रेघा मारताना दिसतं, खुर्च्या मांडताना दिसतं. आमाला कोन गावात काय दिसनार? आमच्याकडं फक्त तुमचा शब्द येतो. तो तरी नीट पाठवा. आनि आमी आलो नाय तर एक फोन नाय करायचा? दोनदा नाव पुकारलंत नि झालं?"

हसणं थांबलं. मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांच्यावर असं कुणी, त्यातही एखाद्या मुलीने, ओरडल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

"नावं वर गेली," ते कोरडेपणाने म्हणाले. "आता माझ्या हातात काही नाही. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी," दिपा म्हणाली.  ती वळली आणि चालू लागली. त्या कपातला चहा मास्तरांच्या डोक्यावर ओतला नाही याचंच तिला वाईट वाटत होतं.

त्या संध्याकाळी तिने साऱ्या मुली गोळा केल्या. शेवटी ती चिंगीकडे गेली. चिंगी म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बुधा कातकऱ्याची मुलगी. वीटभट्टीवर काम करायची आणि अशी चढाई करायची की पकडणाऱ्याच्या हातात फक्त वारा राहायचा. तिला संघात घेतलं तेव्हा गावातल्या काही बायकांनी नाकं मुरडली होती. दिपाने तेव्हाही भांडण केलं होतं. चाचणी होऊन गेल्याचं ऐकून चिंगी म्हणाली, "मी भट्टीवर सुट्टी सांगून ठेवली होती ना, ताय. या रविवारची. आता काय सांगू?" मग ती विटांचा लाल धुरळा बसलेले आपले पाय बघत बसली.

"गुरवारी दुपारनंतर चल माज्याबरोबर," दिपा म्हणाली. "परवा. उद्याचा दिस सोडून. कललं?"

"कललं."

गुरुवारी निवडलेल्या मुलींचा सराव मैदानावर चालला होता. कोनच्या सातजणी आत शिरल्या, सरळ मधल्या रेषेवर गेल्या आणि मांडी घालून बसल्या. मास्तरांनी शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. बाहेर बघे जमू लागले.

"हे काय चाललंय?" मास्तर ओरडले.

"आमच्याशी खेलवा," दिपा म्हणाली. "नाय तर इथं कोनच खेलनार नाय. आमी बसून राहू. उद्या पन येऊ."

"पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा. त्यांना पन इचारते, पुढचा रविवार कंचा."

बघ्यांमधून शिट्या आल्या. मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला होता. तेवढ्यात मनस्वी पुढे आली आणि म्हणाली, "मामा, खेळू द्या ना. आम्हालाही कोणीतरी पाहिजेच आहे. आमच्या आमच्यात खेळून कंटाळा आलाय." तिच्यामागच्या दोघीतिघींनी मान हलवली.  मग मास्तरांनी निवड समितीतल्या त्या दोन म्हाताऱ्यांना खुर्च्या आणायला सांगितलं.

"एकच डाव. वीस मिनिटं. आणि निकाल काहीही लागो, मग इथून निघायचं."

दिपा उजव्या कोपऱ्यात उभी राहिली. पाय धरण्यात तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाय कधी पडेल, वजन कधी त्यावर येईल, याची वाट बघणं हीच त्यातली खरी कला. पण त्या दिवशी तिला वाट बघवत नव्हती. मनस्वी पहिल्याच चढाईला आली आणि दिपाने तिचा पाय टेकायच्या आधीच सूर मारला. मनस्वीने पाय मागे घेतला, तिच्या पाठीला हात लावला आणि परत गेली. दिपा बाद. चिंगीने गुण आणून तिला आत घेतलं, तर पुन्हा तेच. तिला समोर मनस्वी दिसतच नव्हती. दिसत होते ते खुर्चीत बसलेले मास्तर.

एक वेळ अशी आली की कोनच्या सहाजणी बाहेर आणि आत एकटी चिंगी. लोण चढणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. चिंगी दम धरून आत गेली. कुठे घाई नाही, आवाज नाही, नुसतं "कबड्डी, कबड्डी" पुटपुटत, जणू भट्टीवर विटा मोजते आहे. चौघींनी तिला घेरलं. ती खाली वाकली, दोघींच्या मधून सरपटत निघाली आणि मधल्या रेषेला तिची बोटं लागली. तिघी बाद. बाहेरचे लोक नाचायला लागले.

मग दिपा पुन्हा आत आली. या खेपेला मनस्वीचा घोटा तिच्या हातात सापडला आणि तिने तो असा आवळला की पंचाची शिट्टी झाली तरी सोडला नाही. मनस्वी कळवळली. "सोड, ताय," चिंगी तिच्या कानाशी म्हणाली आणि तिची बोटं एकेक करून उकलली. मनस्वी घोटा चोळत उठली, दिपाकडे बघत मागे गेली. याच मनस्वीने त्यांना खेळायला मिळवून दिलं होतं. दिपाला लाज वाटली, पण राग काही कमी झाला नाही.

दोन गुणांनी कोनच्या मुली हरल्या.

मास्तर त्या दोघा म्हाताऱ्यांशी बराच वेळ बोलत होते. मग ते उठून आले.  ते दिपासमोर थांबले, पण बोलले तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलीशी.

"तुझं नाव काय गं? चिंगी? बाराव्या जागी तुला घेतोय. एका मुलीचा गुडघा दुखावलाय, ती जागा मोकळी आहे."

मुलींनी चिंगीला मिठ्या मारल्या. दिपाने मारली नाही.

"म्हंजे नावं वर गेलीच नव्हती," ती म्हणाली. "परवा तुमी बोललात, गेली!"

"परवाचं सोड. परवा सकाळी हिला सामानासकट स्टँडवर..."

"कंची परवा?" दिपा ओरडली. "मंगलवारची का शनवारची? वार बोला!"

"शनिवार."

"कंचा शनिवार? ह्यो का पुढचा?"

बघे खोखो हसायला लागले होते, पण या वेळी ते मास्तरांना हसत होते. मास्तरांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"हा शनिवार. वीस तारीख. सकाळी सात वाजता. पनवेलचा एसटी स्टँड."

"सकाली सात म्हंजे उजाडल्यावर?"

"उजाडल्यावर."

"परत एकदा बोला. सगल्यांसमोर."

मास्तरांनी परत एकदा म्हटलं, शब्दाशब्दावर थांबून, फळ्यावर लिहून दाखवावं तसं. मग दिपाने तो प्रश्न विचारला जो तिला विचारायचा नव्हता.

"आनि मी?"

मास्तर जरा मऊ झाले. "तू चांगली खेळतेस. मला माहीत आहे. पण आज तू रागावून खेळलीस."

"रागवायला कोनी लावलं?" दिपा म्हणाली.

 मास्तरांनी गळ्यातली शिट्टी उगाच हातात घेतली, सोडली आणि मुलींना सरावाला बोलावलं.

बुधाची परवानगी मिळायला वेळ लागला नाही. तो झोपडीपुढे टोपली विणत बसला होता. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "मारतील नाय ना तिला तिकडं?" दिपाने सांगितलं की मारलं तर ती परत मारील. तो म्हणाला, "मंग जाऊं दे. भट्टीवर मी बघतो."

शनिवारी सातच्या आधीच दिपा चिंगीला घेऊन स्टँडवर होती. चिंगीच्या पायात दिपाचे कॅनव्हासचे बूट होते, पुढे कापूस भरलेले. संघातल्या बाकीच्या मुली भराभर एसटीत चढून खिडक्या धरत होत्या. मनस्वीने आतून चिंगीला हाक मारली आणि शेजारची जागा थोपटली. चिंगी पायरीवर चढली, मग खाली उतरली.

"ताय, तू रागावलीस का माज्यावर?"

खोटं बोलावं असं दिपाच्या मनात आलं. पण गेले काही दिवस इतके शब्द वाकडेतिकडे झाले होते की तिला आणखी एक नको वाटला.

"व्हय," ती म्हणाली. "तुज्यावर पन. मी भांडले नि तू चाललीस. पन तू चांगली खेललीस म्हनून चाललीस, ते पन खरं हाय. जा आता. घाबरू नको. कोनी धरलं तर लगेच रेषेकडं बघ."

चिंगीने मान हलवली आणि आत गेली. संघाला घेऊन एसटी स्पर्धेला निघाली. मास्तर पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी खिडकीतून दिपाकडे पाहून हात जरासा वर केला. दिपाने आपला हात वर केला नाही.

घरी जायला तिचा पाय निघेना. तिकडे रूपेश दोन दिवस तिच्या मागे मागे करत होता, बाजारातून तेच गुडघ्याचे पट्टे आणून त्याने तिच्या उशाशी ठेवले होते आणि ती त्याच्याशी अजून बोलत नव्हती. ती स्टँडवर उभी होती, तेवढ्यात समोर चिरनेरची गाडी लागली. विचार करायला तिने वेळच घेतला नाही. ती चढली.

लग्नाआधी मुलगी एकटी सासरी येऊन उभी राहते हे चिरनेरच्या त्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं. होणारी सासू गुणाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली आणि सूप हातातच राहिलं.

"कोन मेलं का, बाय?"

"कोन नाय मेलं. मना एक सांगायचं हाय. आत्ताच सांगते, मागाहून कोन बोलायला नको की कललं नाय म्हनून." दिपाला धाप लागली होती. "लगीन झाल्यावर मी खेलनार. सत्त्यान्नवच्या जानेवारीत चाचनी असते पनवेलला. त्या चाचनीला मी जानार. तुमच्या घरातून जानार. नाय चालत असेल तर आज बोला."

गुणाबाईने सुपातले तांदूळ एकदा हलवले. शेजारच्या घरातून दोन डोकी बाहेर आली होती.

"तू आत्ता भांडायला आलीस का इचारायला?"

"भांडायला."

"बरं झालं बोललीस. इचारायला आली असतीस तर मी 'नाय' बोलली असती." गुणाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "पोराच्या बापाला सांगावं लागंल. तो ओरडंल. ओरडू दे. तू आधी बस खाली. तुजं तोंड बघ कसं झालंय."

"मी बसायला नाय आले."

"बस बोलते ना," गुणाबाई आता चिडली. "सकालपासून काय खाल्लंस का?"

दिपाने आठवून पाहिलं. काही खाल्लं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, मग ओट्याच्या कडेला टेकली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.